डाव्या मडगार्डाचा रंग

॥ श्री ॥

मुलुंड पूर्व,
१६ सप्टेंबर १९८६

ती. स्व. सहदेवकाकांस,

अनुपमाचा शि. सा. न. वि. वि.

मालनकाकीने पाठवलेलं आगळ पोचलं. बाटली फुटली नव्हती, फक्त पिशवीला वास लागलाय. शिवदास रोज दोन वाट्या सोलकढी पितो आणि तिसरी मागतो. इथवरच्या बातम्या चांगल्या आहेत. पुढचं वाचण्याआधी ओटीवर नीट टेकून बसा.

गेल्या गुरुवारी बाबा आणि आई कोल्हापूरला वन्संकडे गेले. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथे व्हायचंय. निघताना बाबांनी फियाटची किल्ली माझ्या हातात दिली आणि बजावलं, की दर रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं म्हणजे बॅटरी उतरणार नाही, पण गाडी जागची तसूभर हलवायची नाही. तुम्हाला आमचे सासरे माहीत आहेत. त्या गाडीचा दरवाजा जोरात लावला तरी त्यांना स्वतःला लागल्यासारखं होतं. शिवाय आता डोळे असे झाले, म्हणून त्यांनी ती विकायचं ठरवलंय. घाटकोपरचे कुणी गृहस्थ दसऱ्याच्या मुहूर्तावर न्यायला येणार आहेत. घरात चालवणारं कुणी नाही, नुसती उभी ठेवून काय तिची आरती करायची, असं बाबा म्हणाले, आणि मग बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले. शिवदासला तर सायकलचीसुद्धा भीती वाटते.

काका, चालवणारं माणूस घरात आहे. ते मी आहे. मी फेब्रुवारीपासून ऑफिस सुटल्यावर ड्रायव्हिंग स्कूलला जात होते. जूनमध्ये लायसन मिळालं, ते शालूच्या घडीत ठेवलंय. बाबा परत आले की त्यांना शेजारी बसवून एक फेरी मारायची आणि मगच बोलायचं, असा माझा बेत होता. पण चार महिने शिकवणीची गाडी चालवलेली, फियाटचा गिअर स्टेअरिंगपाशी, तेव्हा थोडा हात बसवावा म्हणून परवा रविवारी गेटपर्यंत नेली. नेताना झकास गेली. मागे घेताना सोसायटीच्या गेटचा खांब आडवा आला. (खांब आडवा येत नाही, हे शिवदासने मला चार वेळा सांगून झालंय.) पुढच्या डाव्या मडगार्डाचा रंग चार बोटं उडाला. पत्रा दिसतोय.

बाबा नेमके डोळे स्वच्छ करून येणार! संध्याकाळी मी पांढऱ्या रंगाचा छोटा डबा आणला आणि त्यात कपड्यांची नीळ कालवली. आमची गाडी कुठल्या रंगाची ते शब्दांत सांगता येत नाही. शिवदास आकाशी म्हणतो, बाबा पिस्ता म्हणतात. मला विचाराल तर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसारखी. तर ते मिश्रण रात्री हुबेहूब जुळलं होतं आणि सकाळी बघते तर पिकलेलं जांभूळ. रॉकेलने पुसून काढलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

तुम्ही कुर्ल्याच्या गॅरेजात एकतीस वर्षं गाड्या रंगवल्यात. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे जाता येत नाही, तो बाबांचा दोस्त आहे. पत्राने शिकवता येईल का? मला गाडी हवीय म्हणून नव्हे (हवीच आहे), पण पहिल्याच रविवारी मी आपटली हे कळलं तर बाबा ती कुणालाही देतील, मला नाही.

काकीला नमस्कार. रागावलात तरी चालेल, पण उत्तर टाका.

तुमची,
अनुपमा

॥ श्री ॥

जामसंडे, ता. देवगड,
२० सप्टेंबर १९८६

चि. सौ. अनुपमा हिस,

सहदेवकाकाचे अ. उ. आशीर्वाद.

तुझे पत्र काकीने मोठ्याने वाचले आणि खांबापाशी येऊन थांबली. तुला लागले की नाही हे दोन पानांत कुठे लिहिलेले नाही. मडगार्ड चार बोटे, पत्रा दिसतो, सगळे आहे. गो बाय, आधी माणसाचे लिहावे, मग पत्र्याचे. लागले नसेल असे धरून चालतो.

दुसरे, नीळ. एकतीस वर्षांत मी रंगात माशी पडलेली पाहिली, विडी पडलेली पाहिली, नीळ कोणी घातलेली पाहिली नाही. धोबीसुद्धा घालणार नाही.

आता नीट ऐक. इतक्या लांबून सांगणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे, पण तू लहानपणी माझ्या हाताखाली पाटीला रंग लावलेला आहेस, तेव्हा जमेल. सोबतची चिठ्ठी घेऊन कुर्ल्याला धोंडिरामकडे जा. माझा जुना सोबती, आता सुटे रंग विकतो. तो तुला गाडीचा पांढरा, निळा, काळा, पिवळा असे थोडे थोडे देईल, अस्तराचा लाल देईल, लांबी म्हणजे खड्डा भरायची पुटी देईल, थिनर देईल आणि माझी निंदा करील. निंदा ऐकून घे.

रंग जुळवण्याआधी गाडीच्या दरवाजाचा तळहाताएवढा भाग पॉलिशने घासून काढ. उन्हाने अंगावर खडूसारखी भुकटी धरते, तिच्याशी रंग जुळवलास तर फसशील. मग जाड कागदाचे तुकडे घे, प्रत्येकाच्या मधोमध चणा जाईल एवढे भोक पाड. पांढऱ्यात निळा काडीच्या टोकाने घाल, काळा त्याहून कमी, पिवळा तर नुसता वास द्यावा तसा. रंग कागदावर लावून पूर्ण वाळू दे. ओला रंग खोटे बोलतो. वाळला की कागद गाडीवर धर आणि भोकातून बघ. भोक दिसेनासे झाले की रंग जुळला. हे सकाळी आठ-नऊच्या सावलीतल्या उजेडात करायचे, ट्यूबलाइटखाली नाही.

जखम बारीक पॉलिशपेपरने पाणी लावून घास, कडा बोटाला लागता कामा नयेत. गंजाचा ठिपकाही ठेवू नकोस. मग अस्तर, मग लांबी पातळ हाताने, पुन्हा घासणे, आणि शेवटी रंगाचे सहा पातळ हात. पाऊस पडत असेल त्या दिवशी रंगाला शिवू नकोस, दमट हवेत तो दुधासारखा पांढुरका पडतो. घाई तुला जन्मापासून आहे, पण रंगाला नाही.

गाडीला ओरखडा आला याचे मला काही वाटत नाही. तू ती चालवायला शिकलीस हे वाचून मात्र मी सुपारी कातरायची थांबलो. तुझा बाप असता तर वाडीभर सांगत फिरला असता. ते काम मी करीन, दसऱ्यानंतर.

काकी आशीर्वाद सांगते. जपून हात चालव आणि कळव.

तुझा,
सहदेवकाका

॥ श्री ॥

मुलुंड पूर्व,
२७ सप्टेंबर १९८६

ती. स्व. काकांस,

सा. न. वि. वि.

मला काही लागलं नाही. लिहायचं राहिलं, चुकले.

धोंडिरामकाकांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांत रंग भरून दिले. तुमची निंदा पाऊण तास केली आणि निघताना डोळे पुसले. तुम्ही एकदा लाल दिव्याची सरकारी गाडी अशी रंगवलीत म्हणे, की साहेबाला आपली गाडी ओळखू आली नाही.

भोकाच्या कागदांसाठी मी आमच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका वापरल्या. शिवदासने नाराजी दाखवली, कारण भोक नेमकं त्याच्या नावावर पडतं. पण तो रोज सकाळी चहाचा कप घेऊन खाली येतो आणि सूर्य किती वर आलाय ते सांगतो. आठ पत्रिका वाया गेल्या. नववी दरवाजावर धरली आणि काका, भोक गेलं! मी तिथेच ओरडले. पहिल्या मजल्यावरच्या विमलाताई काय झालं म्हणून गॅलरीत आल्या, त्यांना पाल पडली म्हणून सांगितलं.

गंमत म्हणजे तीच पत्रिका मडगार्डावर धरली तर भोक डोळे वटारून बघतं. गाडी तीच, कंपनी तीच. मला वाटलं आमचीच नजर थकली. बाबा गाडी नेहमी डावी बाजू भिंतीला लावून ठेवतात, दुसरीकडे लावली तर परत लावायला सांगतात, तेव्हा त्या बाजूला ऊन कमी लागत असेल, असं ठरवून मी पुढे गेले.

आणि तिथेच वाट लागली. घासलं, अस्तर लावलं, लांबी भरली, सगळं तुम्ही सांगितलंत तसं. काल कोरडी हवा होती म्हणून रंगाचा पहिला हात दिला. पाच मिनिटांत कडेचा जुना रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला आणि वर आला! मी फुंकर घातली, पंखा धरला, काही उपयोग नाही. आता चार बोटांची जखम वीतभर झालीय. आगीतून फुफाट्यात.

काय चुकलं माझं? ती सुरकुतलेली साल कापराच्या कागदात बांधून पाकिटात घातलीय, बघा. कोल्हापूरहून पत्र आलं, की ऑपरेशन उत्तम झालं आणि पट्टी निघाल्यावर बाबांनी सगळ्यात आधी भिंतीवरच्या कॅलेंडरची बारीक तारीख वाचली. वाचून आनंद झाला, पण तेच डोळे आता मडगार्ड वाचणार.

लगेच उत्तर पाठवा, बाबा यायला बारा दिवस राहिलेत.

तुमची,
अनुपमा

॥ श्री ॥

जामसंडे,
१ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. अनुपमा हिस,

अ. उ. आशीर्वाद.

तुझे काहीही चुकलेले नाही. हे वाक्य दोनदा वाच आणि एकदा शिवदासरावांना वाचून दाखव.

पाकिटातली साल मी उन्हात धरून चष्म्यातून पाहिली. गाडीचा रंग असा सुरकुतत नाही. थिनर लागला की सुरकुततो तो तेलाचा रंग, दारे-खिडक्या रंगवतात तो. तू नीळ घातलेला डबा आणलास तोही त्याच जातीचा, पण तो तू पुसून काढलास आणि तो पांढरा होता. हा जाड आहे, ब्रशच्या रेषा दिसतात, आणि वर पॉलिशची दहा-अकरा वर्षांची पुटे चढली आहेत. तुझ्या आधी कोणीतरी याच जागी गाडी आपटून, घरच्या घरी ब्रशने झाकून ठेवली आहे. म्हणून दरवाजाशी जुळलेला तुझा रंग मडगार्डाशी जुळेना. तुझी नववी पत्रिका खरी होती, मडगार्ड खोटे होते.

तो कोणी हे मी सांगत नाही. गाडी कधी घेतली, किल्ली कोणाच्या खिशात असे, आणि डावी बाजू भिंतीला लावायचा हट्ट कोणाचा, हे तुला ठाऊक. व्याह्यांचे नाव मी घेतलेले नाही, ध्यानात ठेव.

आता तो तेलाचा थर सगळा खरवडून काढ, एक नखभरही ठेवू नकोस. खाली गंज सापडेल, तोही काढ. मग पहिल्यापासून सुरू कर. शेवटचा हात दिल्यावर एक दिवस शिवायचे नाही, मग पॉलिश.

एक माझ्या मनातले. गंज न काढता वरून कितीही सुरेख रंग दे, वर्षाने तो फोड धरून वर येतोच. तू गाडीची डागडुजी चांगली कर, आणि तुझ्या सासऱ्यांना, जयवंतरावांना, सांगूनही टाक. ते ओरडतील. ओरडणे सहा हातांपेक्षा लवकर वाळते.

काकीने देवाला नारळ बोलला आहे, गाडीसाठी की तुझ्यासाठी ते विचारू नकोस.

तुझा,
सहदेवकाका

॥ श्री ॥

मुलुंड पूर्व,
७ ऑक्टोबर १९८६

ती. स्व. काकांस,

सा. न. वि. वि.

झालं! मी आणि शिवदासने मिळून सगळा तेलरंग खरवडला. खाली गंज होता, आणि पत्र्यावर एक जुना पोचा, नेमका खांबाच्या उंचीचा. गाडी पंचाहत्तर साली नवी घेतली आणि बाबांशिवाय तिला कुणी हात लावलेला नाही, असं शिवदास शपथेवर सांगतो. आम्ही दोघं त्या पोच्याकडे बघत बसलो आणि मग इतके हसलो, की माझ्या हातातला पॉलिशपेपर बादलीत पडला.

नंतर सहा हात दिले. आज सकाळी पॉलिश केलं. नववी पत्रिका दरवाजावर धरली, मडगार्डावर धरली, दोन्हीकडे भोक नाही. काका, तुमच्यापुढे ते मडगार्ड उभं करायला मी काय वाट्टेल ते दिलं असतं.

पण आता पंचाईत बघा. काम वाईट झालं असतं तर मी पकडली गेले असते. चांगलं झालंय तरी पकडली जाणार, कारण बाबांना आपलं जुनं ठिगळ कुठे आहे ते पक्कं माहीत असणार, आणि ते तिथे नाही. सांगायला गेले तर माझं जाईलच, पण त्यांचंही अकरा वर्षांचं झाकलेलं उघडं पडेल. सासऱ्याला कुणी असं सांगतं का? आणि न सांगितलं तर रविवारी दसरा, घाटकोपरचे गृहस्थ येणार आणि गाडी जाणार.

परवा सकाळी दोघं येताहेत. तुमचं उत्तर तोवर पोचणार नाही, माहीत आहे. तरी लिहिलं, तेवढाच धीर.

तुमची,
अनुपमा

॥ श्री ॥

मुलुंड पूर्व,
१३ ऑक्टोबर १९८६

ती. स्व. काका आणि ती. स्व. काकीस,

तुम्हा दोघांना सोनं आणि सा. न. वि. वि.

गाडी दारात उभी आहे. आधी तेवढं वाचा, मग बाकीचं सावकाश.

बाबा गुरुवारी आले ते काळा चष्मा लावून. चहा न घेता खाली गेले. मी खिडकीतून बघत होते. चष्मा काढून त्यांनी गाडीभोवती एक फेरी घातली, मग भिंत आणि गाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरले आणि डाव्या मडगार्डावरून तळहात फिरवला. एकदा, दोनदा. नंतर उजव्या मडगार्डावरूनही फिरवला. वर आले आणि चहा मागितला. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं आता बोलतील, मग बोलतील. शनिवारी त्यांनी शिवदासला हळूच सांगितलं, की डोळ्यांच्या डॉक्टरची सोमवारची वेळ घे, ऑपरेशनमध्ये काहीतरी गडबड झालीय.

ते ऐकून मला राहवेना. माझ्या भीतीपायी हा म्हातारा माणूस आपल्या नव्या डोळ्यावर संशय घेत बसलेला! काल दसऱ्याला सकाळी गाडी धुतली, बाबा पूजेला बसले. आई आरतीचं ताट आणायला वर गेल्या, तेवढ्यात मी माझं लायसन आणि ती नववी पत्रिका कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली आणि सगळं एका दमात सांगितलं. शिकवणी, खांब, नीळ, तुमची पत्रं. रडूही आलं मध्ये.

बाबा पाटावरून उठले नाहीत. पत्रिका हातात घेतली, भोकातून मडगार्डाकडे बघितलं. मग विचारलं, कुठला खांब, उजवा की डावा? मी डावा म्हणाले. तर म्हणाले, की त्यांचाही डावाच. पंचाहत्तर सालच्या दिवाळीत, गाडी घेऊन नऊ दिवस झाले होते, आई माहेरी होत्या. आधी सगळ्यांना गॅलरीत बोलावून ऐटीत गाडी बाहेर काढली होती, आपटली ती परतताना, त्यामुळे गॅरेजात न्यायचीही लाज वाटली. डबा आणून आपणच ब्रश मारला. अकरा वर्षं त्या डागाकडे कुणी बघू नये म्हणून गाडी भिंतीला लावली, आणि परवा नवे डोळे घेऊन आधी तोच बघायला गेले, तर डाग नाही. वेड लागलं की काय असं वाटलं, म्हणाले. मग असे हसले की जिन्यावरून आईंनी काय झालं म्हणून विचारलं. बाबांनी घाईघाईने मला बजावलं, यातलं एक अक्षर हिला कळता कामा नये. माझं कळलं तरी चालेल म्हणे, त्यांचं नको.

अकरा वाजता घाटकोपरचे गृहस्थ आले, स्वतःचा हार आणि पेढे घेऊन. बाबांनी त्यांना बसवलं, चहा दिला, सोनं दिलं आणि सांगितलं, की क्षमा करा, विसार घेतलेला नाही, शब्द मात्र मोडतोय, कारण घरात चालवणारं माणूस निघालं. ते बिचारे हिरमुसले. तेव्हा बाबांनी किल्ली माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, पाहुण्यांना घाटकोपरला पोचवून येऊ या. काका, मी चालवली! बाबा शेजारी, पाहुणे मागे हार मांडीवर घेऊन, आणि त्यांच्या शेजारी शिवदास दोन्ही हातांनी दरवाजा धरून. गेटपाशी बाबांनी डोळे मिटून घेतले होते. खांब मागे पडल्यावर उघडले. रस्ताभर एकदाच बोलले, विक्रोळीच्या सिग्नलला, की क्लच हलका सोड. पाहुण्यांनी उतरताना पेढ्यांचा पुडा मलाच दिला.

बाबांना तुमच्याकडून एक हवंय. नाताळच्या सुट्टीत आम्ही गाडीनेच देवगडला येतोय, तेव्हा मागच्या उजव्या दरवाजापाशी एक पोपडा आहे तो बघायचा. तो माझा नाही. बाबाही नाही म्हणतात.

आता तुम्ही खुशाल वाडीभर सांगत फिरा.

तुमचीच,
अनुपमा

॥ श्री ॥

मुलुंड पूर्व,
१५ ऑक्टोबर १९८६

श्री. सहदेवराव यांस,

रत्नप्रभा तावडे यांचा सा. न. वि. वि.

सूनबाईने तुम्हाला सगळं कळवलं असेलच. मला कुणी काही सांगितलेलं नाही. घरात आल्या आल्या मोरीत थिनरचा वास आला, तांदळाच्या डब्यामागे खोकल्याच्या औषधाची निळी बाटली सापडली आणि सूनबाईची नखं पाहिली. त्याच संध्याकाळी खाली जाऊन मी मडगार्ड बघून आले. फार सुरेख काम झालंय. तुम्ही शिकवलंत, म्हणून हे पत्र.

पंचाहत्तर साली मी माहेरून आले तेव्हा ह्यांनी माझ्या स्वयंपाकघराची खिडकी रंगवून ठेवली होती. मला न विचारता, आणि एकच खिडकी. इतका उत्साह ह्यांना ना आधी ना नंतर. डब्यात रंग उरला होता तो कुठेतरी संपवायला हवा होता, हे मला गाडी बघितल्यावर कळलं. बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. दर दसऱ्याला गाडीचा हार मी ओवते, तो हातभर जास्त लांब ओवायचा आणि डाव्या बाजूला सोडायचा, म्हणजे पूजेला जमलेल्या चारचौघांना तो डाग दिसू नये. लोक विचारत, हार एका बाजूला का लोंबतो. मी म्हणे, आमच्यात अशीच पद्धत आहे. आता सोसायटीतल्या आणखी दोन गाड्यांचे हार तसेच लोंबतात.

ह्यांना वाटतं मला अजून ठाऊक नाही. तसंच राहू द्या, त्यांना बरं वाटतं. गाडी राहिली, डोळे आले, आणि घरात आता मी म्हणेन तेव्हा मला भाजी मंडईपर्यंत नेणारं माणूस आहे. या वयात मला आणखी काय हवं?

मालनताईंना सांगा, की यंदा हार बेतशीर ओवला, दोन्ही बाजूंना सारखा. हातभर फुलं उरली. ती मी सूनबाई घाटकोपरला निघताना तिच्या केसांत माळली.

नाताळात भेटूच. आगळाची बाटली तयार ठेवा.

आपली,
रत्नप्रभा